पेटंट नागपूरचं, आकडा दिल्लीचा

दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाचं जर्नल निघतं. दोन-तीन भागांतल्या जाडजूड पीडीएफ असतात. त्या हौसेने उघडणारी माणसं नागपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील, त्यातला मी एक. शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात माझ्याकडे ग्रंथालय आहे. ग्रंथपालाला काम कमी असतं असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, म्हणून पेटंट सेलही माझ्याच गळ्यात आहे.

या जर्नलमध्ये प्रत्येक अर्जाच्या वाट्याला एक पान येतं. पानावर कंसात छोटे आकडे असतात. ५४ समोर शोधाचं नाव, ५१ समोर वर्गीकरणाचा संकेत, ७१ समोर अर्जदार आणि ७२ समोर शोध लावणारी माणसं. हे आकडे जगभर सारखेच आहेत. जपानी किंवा कोरियन पान हाती पडलं आणि त्यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी ७२ कुठे आहे ते पाहिलं की माणसं सापडतात.

आता नीरीच्या, म्हणजे नागपुरातल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, एखाद्या अर्जाचं पान बघा. ७२ समोरची मंडळी नेहरू मार्ग, नागपूर ४४००२० इथली. ७१ समोर मात्र वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, रफी मार्ग, नवी दिल्ली. नीरी ही याच परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची प्रयोगशाळा, आणि देशभरातल्या या प्रयोगशाळांची पेटंटं परिषदेच्याच नावावर निघतात. आपल्या कापूस संशोधन संस्थेचं आणि लिंबूवर्गीय फळांच्या संस्थेचं तेच. त्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर), म्हणजे पत्ता कृषी भवन, नवी दिल्ली. कोणत्या राज्यातून किती अर्ज आले याचा तक्ता पेटंट कार्यालयाच्या वार्षिक अहवालात असतो, तो अर्जदाराच्या पत्त्यावरून बनतो. नमुने नागपुरात तपासले, प्रयोग नागपुरात फसले, पुन्हा केले, शेवटी जमले. आकडा जमा झाला दिल्लीच्या खात्यात.

दिल्लीचं नाव तिथे लागणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पगार परिषद देते, फी परिषद भरते, उद्या कुणी नक्कल केली तर कोर्टात परिषदच उभी राहणार. मालकी तिचीच. माझी तक्रार वेगळी आहे. पेटंटच्या आकड्यांवरून आपण दोन प्रश्नांची उत्तरं एकदम काढतो: मालक कोण, आणि डोकं कुणाचं? पहिल्याचं उत्तर ७१ मध्ये आहे, दुसऱ्याचं ७२ मध्ये. आपल्याकडे मोजलं जातं ७१ आणि भाषणं केली जातात ७२ ची. ‘अमुक राज्य नवनिर्मितीत आघाडीवर’ असं मथळ्यात छापून येतं, तेव्हा खरं तर अमुक राज्यात अर्जदारांची कार्यालयं जास्त आहेत एवढंच कळलेलं असतं.

मोजणीचं राजकारण विदर्भाला कुणी शिकवायला नको. १९५३ च्या नागपूर करारापासून आम्ही तेच करत आलो आहोत. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, आणि मधल्या काळात इथल्या शाळकरी पोरालाही कळलं की अनुशेष राज्याच्या सरासरीपासून मोजायचा की सगळ्यात पुढे गेलेल्या जिल्ह्यापासून, यावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात. सिंचनाच्या बाबतीत आम्ही हेक्टर न् हेक्टरसाठी भांडलो. बुद्धीच्या बाबतीत मात्र दुसऱ्याने दिलेला तक्ता मुकाट्याने वाचतो.

हा घोळ फक्त दिल्ली-नागपूरचा नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे जिनिव्हाची वायपो, अर्जाचा मूळ देश ठरवताना पहिल्या क्रमांकावरचा अर्जदार कुठला रहिवासी आहे ते बघते. २०२३ सालचे तिचे आकडे घ्या. भारताच्या कार्यालयात सुमारे ९० हजार अर्ज आले, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक इथल्या लोकांचे. आणि भारतीयांनी देशात-परदेशात मिळून केलेले अर्ज सुमारे ६४ हजार. म्हणजे ‘भारताचे अर्ज किती’ या एका प्रश्नाला ९० हजार हेही उत्तर आहे आणि ६४ हजार हेही. पुढाऱ्याने कोणतं उचलायचं ते ज्याच्या-त्याच्या सभेवर अवलंबून. दोन्ही आकडे खरे आहेत, हीच पंचाईत. खोटा आकडा पकडता येतो, पण खरा आकडा भलत्या प्रश्नाला जोडला की पकडायचा कसा?

पहिल्या अर्जदाराच्या या नियमामुळे पुण्या-बंगळुरूच्या अमेरिकन कंपनीत बसून आपल्या पोरांनी लावलेला शोध, कंपनीने मुख्यालयाच्या नावाने अर्ज केला की, अमेरिकेच्या रांगेत जातो. उलट बाजूने केमन बेटांसारखी जागा, जिची लोकसंख्या नागपूरच्या एखाद-दोन प्रभागांएवढी, या तक्त्यांत आपला चांगला आकडा बाळगून असते. तिथे प्रयोगशाळांचं पीक आलंय असं कुणी समजू नये. तिथे कर लागत नाही, म्हणून कंपन्या मालकी तिथे ठेवतात. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २००९ मध्ये पेटंट-आकडेवारीची जी पुस्तिका काढली तिच्यात हे स्वच्छ लिहिलंय: शोध कुठे लागतात हे बघायचं तर शोध लावणाऱ्याच्या पत्त्यावरून मोजा, मालकी कुणाच्या हाती आहे हे बघायचं तर अर्जदारावरून.

गंमत अशी, की हे सगळं शिकवण्याची सोय आपल्याच शहरात आहे. सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेज रोडवर, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या शेजारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था उभी आहे. देशाची पेटंट माहिती यंत्रणा १९८० मध्ये नागपुरातच सुरू झाली होती. पेटंट तपासणारे नवे अधिकारी प्रशिक्षणाला इथेच येतात, महिनोन्‌महिने राहतात, सदरच्या खानावळींत जेवतात आणि मग कोलकाता, दिल्ली, चेन्नई, मुंबईला जातात. नागपूरकराचा अर्ज मात्र मुंबई कार्यालयाच्या हद्दीत. आता सगळं ऑनलाइन झाल्यामुळे त्याचं दुःख उरलं नाही, पण मोजायला शिकवणाऱ्या गावाचीच मोजणी झालेली नसावी, हे जरा डोळ्यांत खुपतं.

इथवर पत्त्याचं झालं. आता ५१, म्हणजे वर्ग. माझ्या मते खरी मेख तिथे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलं. ए पासून एच पर्यंत आठ विभाग, आणि खाली सत्तर हजारांवर कप्पे. मी ग्रंथपाल, मला वर्गीकरणाचं प्रेम आहे. ड्युईच्या दशांशात आयुष्य गेलं. त्यामुळे पहिल्यांदा ही व्यवस्था बघितली तेव्हा मी भारावलो होतो. मग मी तिच्यात कापूस शोधायला गेलो.

कापूस एका कप्प्यात नसतोच. बोंडातून कापूस वेचायचं यंत्र ए०१डी मध्ये, कारण ती शेती. वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करायची जिनिंग डी०१बी मध्ये, कारण ते वस्त्र. सरकीचं तेल सी११बी मध्ये, कारण ते रसायन. बियाण्यात जनुक घातलं की सी१२एन. बोंडअळीवर फवारायचं औषध ए०१एन. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने बोंडअळी ओळखायची म्हटलं की मामला जी०६ मध्ये, म्हणजे संगणकांच्या आळीत. यवतमाळच्या एका शेतकऱ्याच्या एका हंगामातली दुखणी, आणि ती सहा मोहल्ल्यांत राहतात.

यात वर्गीकरणाचा दोष नाही. ते बनलं तपासणाऱ्यासाठी. समोर आलेला शोध नवा आहे की जुना, हे बघायला त्याला त्याच धाटणीची यंत्रं एका जागी लागतात. ती कापसासाठी आहेत की तागासाठी, याने त्याला फरक पडत नाही. बिघडतं ते पुढे, याच कप्प्यांवर आकडेवारी रचली की. सत्तर हजार कप्पे मंत्र्याला दाखवता येत नाहीत म्हणून वायपोने २००८ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या मदतीने एक जुळणीतक्ता केला. सगळे कप्पे गोळा करून पस्तीस तंत्रक्षेत्रं आणि पाच मोठे गट. देशोदेशीची तुलना आज बहुधा या पस्तीस ओळींवरूनच चालते. संगणक तंत्रज्ञान, औषधनिर्माण, वैद्यकीय उपकरणं, वाहतूक, अन्नरसायन... आणि या पस्तीसांत शेती नाही.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. नाही. नांगर, वखर, डवरे, पेरणीयंत्र, कापूस वेचायचं यंत्र हे सगळं ‘इतर विशेष यंत्रं’ नावाच्या ओळीत आहे. त्याच ओळीत प्लास्टिकचे साचे आहेत, काच बनवणं आहे, साखर आहे, आणि एफ४१ व एफ४२ हे वर्गही आहेत, म्हणजे तोफा आणि दारूगोळा. आंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला तोफगोळा आणि काटोलच्या लोहाराने सुधारलेला डवरा, दोघांनाही जगाच्या आकडेवारीत एकच ओळ. उद्या त्या ओळीचा आकडा वाढला तर शेती सुधारली की युद्धाची तयारी वाढली, हे त्या तक्त्यावरून सांगता येणार नाही.

आपल्या पेटंट कार्यालयाच्या अहवालातले विभाग वेगळेच आहेत: रसायन, औषध, यांत्रिक, विद्युत, संगणक-इलेक्ट्रॉनिक्स असे ढोबळ. ते जिनिव्हाच्या पस्तीस ओळींशी जुळत नाहीत. म्हणजे देशातली आणि जगातली आकडेवारी शेजारी ठेवायची तर मधे आणखी एक तक्ता हवा.

वर्ग नसला तर काय बिघडतं, हे ज्याला हळदीची गोष्ट माहीत आहे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. तरी सांगतो, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं. क्रमांक ५४०१५०४. शोध लावणारे दोघे मुळचे भारतीयच. पण अर्जदार तिथला, पत्ता तिथला, म्हणून मोजणीत ते अमेरिकेचं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. परिषदेने बत्तीस जुने संदर्भ पुढे ठेवून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. इथवरची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पुढचा भाग वर्गीकरणाचा, म्हणून रुक्ष, म्हणून गळतो. अमेरिकी तपासनीसाला आजीच्या बटव्यातली हळद सापडली नाही, कारण ती त्याच्या कपाटात नव्हतीच. संस्कृत, उर्दू, तमिळ ग्रंथांतलं ज्ञान त्याच्या शोधयादीत येत नव्हतं, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात साऱ्या औषधी वनस्पतींसाठी मिळून जवळपास एकच उपवर्ग होता, ए६१के ३५/७८. हळद, निंब, अश्वगंधा, जिनसेंग, सगळं एका पोत्यात. मग भारताने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला आणि त्यासाठी स्वतःचं हजारो उपवर्गांचं वर्गीकरण केलं. त्या रेट्यात आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही हललं. २००६ च्या आवृत्तीत ए६१के ३६ हा नवा गट आला, वनस्पतींच्या कुळांप्रमाणे सुमारे दोनशे उपवर्ग घेऊन.

म्हणजे कप्पा मागून घेता येतो. आपण एकदा घेतलेला आहे. तर मग शेतीची ओळ का मागू नये?

युरोपीय पेटंट कार्यालयाने हवामानबदलाला तोंड देणारं तंत्रज्ञान वेगळं मोजता यावं म्हणून वाय०२ नावाची जादा खूण काढली. पवनचक्की यंत्रशास्त्रात राहते, बॅटरी विजेत राहते, पण दोन्हींना ही शेपटी लागते आणि मोजायच्या वेळी दोन्ही एकत्र गोळा होतात. मूळ कपाट मोडावं लागत नाही. कोरडवाहू शेतीसाठी, कापसासाठी, संत्र्यासाठी अशी शेपटी आपल्या कार्यालयाला लावता येणार नाही असं काही नाही. कप्पे ओळखणारी माणसं तयार करणारी संस्था तर सिव्हिल लाइन्सलाच आहे.

आता थोडं स्वतःच्या घरातलं. २०२१ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटची फी ८० टक्क्यांनी उतरवली. मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जाचे ८,००० रुपये, कॉलेजला १,६००. हेतू चांगला होता, आणि त्याचा फायदा खऱ्या संशोधकांनाही झाला, हे मी नाकारत नाही. पण एनआयआरएफच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत इंजिनीअरिंग कॉलेजला बौद्धिक संपदेचे १५ गुण असतात. त्यातले १० मंजूर पेटंटांना आणि ५ नुसत्या ‘प्रकाशित’ अर्जांना. अर्ज आपोआप प्रकाशित व्हायला अठरा महिने लागतात, पण २,५०० रुपये भरून नमुना ९ दिला की तो लवकरच एका शुक्रवारी छापून येतो. गणित कुणालाही जमेल. ४,१०० रुपयांत ‘पेटंट पब्लिश्ड’. तपासणीची मागणी करायला आणखी ४,००० लागतात, आणि ती मागणी मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं कायदा समजतो. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती, २०२४ पासून ३१ महिने आहे. पण तोवर कॉलेजचा अहवाल गेलेला असतो. गेटवर फ्लेक्स लागलेला असतो: ‘पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

प्रकाशित होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे. लग्नपत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र पत्रिकेवरच अहेर घेतला जातो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची एक तरुण लेक्चरर पेढे घेऊन ग्रंथालयात आली. ‘सर, माझं पेटंट निघालं!’ मी जर्नल उघडलं, पान काढलं. कापसावरची बोंडअळी ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा. ७२ समोर आठ नावं, सहा राज्यांतली. मॅडम सहाव्या. मी विचारलं, ‘यातल्या कुणाला भेटलीयस?’ तिने नकारार्थी मान हलवली. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जागा निघाल्या होत्या, पहिल्या नावाचे जास्त पैसे, शेवटच्याचे कमी. ‘पण सर, सगळेच करतात ना. प्रमोशनच्या फॉर्मात रकाना आहे.’ तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. रकाना आम्ही दिला, तिने तो भरला. आणि त्या वर्षीच्या अहवालात ‘प्रकाशित पेटंट: १’ हे मीच टाइप केलं. बाकीच्या सात कॉलेजांतल्या माझ्यासारख्यांनीही तेच टाइप केलं असणार. एक अर्ज, आठ पेटंटं. शिवाय तो जी०६ मध्ये पडलेला, म्हणजे देशाच्या संगणक तंत्रज्ञानात एकाची भर. कापसाच्या खात्यात शून्यच.

यावर उपाय नवा शोधायला नको, जुनाच आहे: वाटे. एका अर्जावर आठ नावं असली तर प्रत्येकाच्या, प्रत्येक कॉलेजच्या, प्रत्येक राज्याच्या नावावर एक अष्टमांश. वायपो तंत्रक्षेत्रांच्या बाबतीत हेच करते. एखादा अर्ज दोन क्षेत्रांत बसत असेल तर दोन्हींना अर्धा-अर्धा देते. ओईसीडी शोध लावणाऱ्यांच्या देशांबाबत हेच सुचवते. वडिलोपार्जित वावराची वाटणी आपण गुंठ्यापर्यंत करतो, प्रत्येक भावाला सबंध वावर लिहून देत नाही. मग पेटंटचंच असं का? ज्या दिवशी आठव्या नावाला आठवा हिस्साच मिळेल, त्या दिवशी व्हॉट्सअॅपवरच्या जागा कुणी फुकटसुद्धा घेणार नाही.

म्हणूनच ७२ मोजा म्हणताना मी नुसतं ७२ म्हणत नाही. नुसतं ७२ मोजलं तर नावं भरण्याची साथ आणखी पसरेल, हा आक्षेप रास्त आहे. वाट्याने मोजा. आणि तिसरी अट: जिवंत असतील तीच मोजा. आपल्या कायद्यात तिसऱ्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत पेटंट टिकवायला फी भरावी लागते, आणि ती चढत जाते. ज्याला आपल्या शोधातून काही निघेल असं वाटतं तोच ती भरतो. पाच वर्षांनंतर कोण भरतंय, हा आकडा फ्लेक्सवर कधी दिसत नाही. खिशातून पैसे जातात तेव्हा माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही. पेटंट देशात वापरात आहे का, हे सांगणारा नमुना २७ सुद्धा आहे. तो पूर्वी दर वर्षी द्यावा लागायचा, २०२४ च्या नियमांनी तीन वर्षांतून एकदा केला. व्यवसाय सुलभ झाला म्हणे. मोजणारा आंधळा झाला, ते कुणी बोललं नाही.

याउपर काही गोष्टी कोणत्याच रकान्यात येणार नाहीत, तेही मान्य करायला हवं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी दीड-दोन एकरांतल्या लोंब्या निवडत निवडत धानाचं नवं वाण काढलं. घड्याळाच्या कंपनीवरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. विदर्भातच काय, छत्तीसगड-तेलंगणातही तो तांदूळ लोक मागून घेतात. आपल्या कायद्यातल्या कलम ३(जे) मुळे वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळतच नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, आणि शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण म्हणून पेटंटच्या तक्त्यात दादाजींचा जिल्हा कोरा. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा उपचाराच्या पैशांची ओढाताण होती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही पेटंटमध्ये धरलं जात नाही. धरू नयेच. फक्त ‘विदर्भात नवनिर्मिती नाही’ हे वाक्य पेटंटच्या तक्त्यावर बोट ठेवून कुणी बोललं, तर त्याला धानाच्या बांधीवर नेऊन उभं करावं.

एक प्रयोग मी करून पाहिला, कुणालाही करता येईल. पेटंट कार्यालयाच्या शोधखिडकीत ‘शोध लावणाऱ्याचा पत्ता’ असा वेगळा रकाना आहे. त्यात नागपूर लिहिण्याऐवजी पिनकोड लिहायचा. ४४००२० लिहिलं की नीरी, ४४००१० लिहिलं की व्हीएनआयटी, ४४००३३ लिहिलं की एलआयटीचा परिसर. दर खेपेला ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि एक-दोनदा आपण माणूस नाही असा निकालही लागतो. एकाच संशोधकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं. कुणी पत्ता संस्थेचा दिलेला, कुणी घरचा, बेसा किंवा मानकापूरचा. तरी दोन रविवारांत पडद्यावर एक यादी तयार झाली, जी मी आजवर कोणत्याही अहवालात पाहिलेली नाही. तिच्यात रफी मार्ग होता, कृषी भवन होतं, परदेशी कंपन्या होत्या, आणि ७२ समोर आपली माणसं होती. ती यादी मी इथे देत नाही. दोन रविवारांच्या कामावर आकडा उभा करायचा नसतो. पण हाताशी चार प्रशिक्षित माणसं असलेल्या संस्थेला तो एका उन्हाळ्याचा विषय आहे.

डिसेंबरात विधिमंडळ इथे येईल. हैदराबादी बिर्याणीच्या गाड्या लागतील, मोर्चे निघतील, आणि तारांकित प्रश्नांत कुणीतरी आमदार विचारेल की गेल्या पाच वर्षांत विदर्भातून किती पेटंटं निघाली. उत्तर छापील येईल, अर्जदाराच्या पत्त्यावरून काढलेलं, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी भाषणं होतील. ज्या आमदारांच्या हाती हा लेख पडेल त्यांनी प्रश्न देताना शब्द एवढे बदलावेत: ‘शोध लावणाऱ्याच्या पत्त्यावरून, नावांच्या वाट्याने, शुल्क भरून आज जिवंत असलेली, जिल्हानिहाय, आणि त्यातली शेतीशी संबंधित किती?’ अध्यक्षांना प्रश्न लांब वाटला तर पहिला तुकडा काढू देऊ नये.